पेरणी उलटल्यावर आलेलं कर्ज

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात शनिवारच्या बाजारात मी ज्या कृष्णवर्णीय आजोबांकडून भेंडी घेते, त्यांनी परवा एक जुनं पत्र दाखवलं. अमेरिकेच्या कृषी खात्याचं, 2021 चं, अल्पसंख्याक वंशांच्या शेतकऱ्यांसाठी. तुमचं सरकारी शेतकर्ज माफ, वर करापोटी 20 टक्के जास्त. त्यांनी सही करून पाठवलंही. जूनमध्ये एका गोऱ्या शेतकऱ्याच्या दाव्यावर फ्लोरिडातल्या न्यायालयाने स्थगिती दिली आणि 2022 मध्ये संसदेने ते कलमच काढून टाकलं.

खरं सांगते, माझ्या मनात आधी आलं, गोऱ्यालाही कर्ज असतंच की! वंश बघून माफी कशाला? मी तसं बोललेही.

ते म्हणाले, "भुईमूग आम्ही मे महिन्यात पेरतो. माझं कर्ज जुलैत मंजूर झालं."

शेतकऱ्याच्या लेकीला याहून जास्त काय सांगायचं? जुलैत पैसे आले तर बियाणं घरात पडून राहतं, मजूर दुसरीकडे गेलेले असतात, रान तणाने भरतं. पीक नाही, पण हप्ता आणि व्याज चालूच. आणि हे एका वर्षाचं नव्हे. कर्ज कुणाला द्यायचं ते काउंटीत, म्हणजे साधारण तालुक्याच्या पातळीवर, निवडून आलेली शेतकऱ्यांची समिती ठरवायची, आणि दक्षिणेत कित्येक दशकं ती जवळपास सगळी गोऱ्यांची. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी भेदभावाबद्दल केलेल्या दाव्यात 1999 मध्ये कृषी खात्याला तडजोड करावी लागली, ज्यांचे दावे मंजूर झाले त्यांतल्या बहुतेकांना 50 हजार डॉलर मिळाले. 1920 मध्ये 9 लाखांवर कृष्णवर्णीय शेतकरी होते, आज पन्नास हजारांच्या आत आहेत.

आमच्याकडे सातबारा स्वच्छ असला की सोसायटी कर्ज अडवत नाही, असं मी त्यांना ठासून सांगितलं. बाबांचं कधी अडलं नाही, हे खरंच आहे. पण चेअरमन आमच्या भावकीतले होते. आणि गावाबाहेरच्या वस्तीत किती जणांच्या नावावर सातबारा आहे, हे मी कधी विचारलंच नव्हतं. 2021 च्या त्या माफीच्या यादीत आशियाई शेतकरीही होते, म्हणजे माझ्यासारखे. हे कळल्यापासून मला झोप नीट नाही.

2024 मध्ये भेदभाव सोसलेल्या 43 हजारांवर लोकांना मिळून सुमारे 2 अब्ज डॉलर वाटले गेले. आजोबांनाही चेक आला. तोवर ओढ्याकडची जमीन विकून झाली होती.

ती आता कोण करतं, मी विचारलं.

"कुणी नाही," ते म्हणाले. "पाइन लावलेत."