दाराला कुलूप, हातात रजिस्टर

१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार. रात्रीचे साडेनऊ.

आज वरच्या वाडीत एकोणीस घरांना कुलूप होतं. मुद्दाम मोजली. गेल्या महिन्यात याच घरांपुढं ट्रॅक्टर उभे होते. ट्रॉलीत चूल, पत्रे, गोधड्या, पाण्याच्या टाक्या, वरून बांधलेली शेळी. यंदा उसाचं गाळप एक नोव्हेंबरला सुरू झालं, त्यामुळं भाऊबीज उरकली आणि चार-आठ दिवसांत वाडी रिकामी झाली. कोणी कोल्हापूर-सांगलीकडं, कोणी सोलापूरकडं, बरेच कर्नाटकात. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. कोयता गेला की मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं. आता पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, माझ्या टपालाच्या बीटातल्या निम्म्या पत्त्यांवर घर आहे आणि माणूस नाही.

मी डाक सेवक आहे. बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात एक गाव, दोन वाड्या, एक तांडा आणि शेतांमधल्या विखुरलेल्या वस्त्या एवढा माझा भाग. कागदावर आमची ड्युटी चार-पाच तासांची. टपाल वाटायला किती वेळ लागतो हे मात्र रस्ता आणि माणसं ठरवतात.

सकाळी एसटी अर्धा तास उशिरा आली. थैली हलकी होती. चार एटीएम कार्डं, दोन आधार, विम्याची दोन पाकिटं, साधं टपाल, ऑनलाइन मागवलेले तीन पुडे आणि एक रजिस्टर. सप्टेंबरपासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात सामील झालं आहे. ज्याचं त्याच्याच हाती द्यायचं असेल तर आता स्पीड पोस्टावर नोंदणीचे वेगळे पैसे भरावे लागतात. पण इकडं अजून सगळे 'रजिस्टर आलंय' असंच म्हणतात, आणि ते ऐकलं की घरातलं माणूस हातातलं काम टाकून बाहेर येतं. चांगली बातमी रजिस्टरनं क्वचितच येते, हे त्यांना ठाऊक आहे.

पत्त्यांचं तर वेगळंच. पुष्कळ जण मुक्काम आणि पोस्ट यांत फरक करत नाहीत. पोस्ट ऑफिस नसलेल्या वाडीचंही 'मु. पो.' लावतात, मग पाकीट भलत्याच ठिकाणी जाऊन दोन दिवसांनी आमच्याकडं येतं. वाडीत एकाच नावा-आडनावाची पाच माणसं आहेत. वडिलांचं नाव लिहिलेलं नसलं तर मी पाठवणारा कोण ते बघतो, मग विचारत जातो. शेजारच्या जिल्ह्याचं नाव बदलून दोन वर्षं झाली तरी निम्म्या पाकिटांवर अजून उस्मानाबादच असतं. पिनकोड बरोबर असला की आमचं काम भागतं. सहा आकडे नीट लिहा, एवढं मी शाळेतल्या पोरांना दरवर्षी जाऊन सांगतो.

दुपारी वाडीतल्या एका आजींकडं गेलो. त्यांचे श्रावणबाळ पेन्शनचे दीड हजार आले होते आणि त्या आठवड्यापासून निरोप पाठवत होत्या. खातं पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत, म्हणजे मशीनवर अंगठा लावला की पैसे मी जागेवर देतो. पण त्यांच्या घरात रेंज नाही. रेंज आहे मारुतीच्या पारावर. त्यांना हाताला धरून पारापर्यंत आणलं. तेवढ्या साठ-सत्तर पावलांत दोनदा बसावं लागलं.

अंगठा लागेना. उजवा नाही, डावाही नाही. पारावरच्या रांजणातलं पाणी घेऊन मी त्यांचा हात धुतला आणि त्यांच्याच पदरानं कोरडा केला. अंगठा डोळ्यांजवळ धरून बघितला. त्याच्यावर रेषाच नाहीत. मधला भाग जुन्या पाटीसारखा गुळगुळीत आणि कडेनं दोन खोल भेगा, त्यांत काळं बसलेलं. मी एकेक बोट मशीनवर टेकवत गेलो.

"बहात्तरात खडी फोडलीया म्या," आजी म्हणाल्या. "रोजगार हमीवर. मग तीस वर्सं ऊस. आता त्या मशीनला काय दावू, लेकरा?"

सातव्या वेळी डाव्या हाताच्या मधल्या बोटाला हिरवा दिवा लागला. त्यांनी पैसे दोनदा मोजून घेतले. मी त्यांना शंभरा-शंभराच्याच नोटा देतो, कारण पाचशेची नोट नेली की दुकानदार सुटे नाहीत म्हणतो आणि जास्तीचा माल गळ्यात मारतो. हजार रुपये त्यांनी पदराच्या गाठीला बांधले, पाचशे ब्लाउजात ठेवले. त्यातले दोनशे नातीच्या वहीला आणि चपलेला.

देशात पिनकोड सुरू झाला तो १५ ऑगस्ट १९७२ ला. आमच्या खात्यात या तारखेचं कौतुक आहे, मलाही आहे. पण आजींच्या बोटाकडं बघताना डोक्यात आलं की मराठवाड्यात त्याच वर्षी माणसं खडी फोडत होती. त्या खडीनं खाल्लेली बोटं आज मी मशीनवर टेकवतोय. आता चेहरा दाखवून पैसे काढायची सोय निघाली आहे. ती इथपर्यंत नीट पोचावी, मग या बायांची एवढी परवड होणार नाही.

परतताना तीन बायांनी अडवलं. लाडकी बहीणच्या केवायसीची मुदत आज संपणार म्हणून घाबरल्या होत्या. ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आहे हे सांगितल्यावर एकीनं तिथंच पायरीवर बसून घेतलं. तिच्या नवऱ्याचा मोबाइल आधारला जोडलेला नाही आणि तो ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर आहे. गावी आला की आधी मला फोन कर, नंबर मी जोडून देतो, असं तिला सांगितलं. ते काम आम्हाला करता येतं, हेच पुष्कळांना माहीत नसतं.

आता माझ्या वहीविषयी. हे मला लिहून ठेवायचंच होतं.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात एक रजिस्टर आलं होतं, खालच्या वाडीतल्या एका ऊसतोड कामगाराच्या नावानं. दाराला कुलूप. मी सूचनेची चिठ्ठी फटीतून आत सरकवली, पाकिटावर 'दार बंद' लिहिलं. दुसऱ्या दिवशी गेलो, पुन्हा कुलूप. नियमाप्रमाणं सात दिवस ठेवलं आणि आठव्या दिवशी पाठवणाऱ्याकडं परत केलं. तो कारखान्यावर आहे हे मला माहीत होतं. अख्ख्या गावाला माहीत होतं. तरी मी नियम पाळला म्हणून निवांत होतो.

एप्रिलमध्ये तो आला. त्याच्या शेजाऱ्यानं जमीन मोजून घेतली होती आणि मोजणीची नोटीस त्या पाकिटात होती. हा हजर नसतानाच मोजणी झाली. बांधावर नवा दगड, जुन्या खुणेपासून चांगला आत. दगड बरोबर की चूक, हे मला सांगता येणार नाही. पण दगड रोवताना तो तिथं उभा असायला हवा होता. माझ्याकडं आला तेव्हा भांडला नाही. दारात उभं राहून एवढंच विचारलं, "कागद आलता का, भाऊ?"

आलता, म्हणालो. पुढं काय बोलावं ते सुचेना. त्यानं मान हलवली आणि गेला. पुढचे कितीतरी दिवस त्याच्या घरावरून जाताना मी सायकलवरून उतरून चालत जायचो. का, ते मलाही नीट सांगता येत नाही.

तेव्हापासून दसरा झाला की मी वही घेऊन फिरतो. कोण कुठल्या कारखान्याला जाणार, टोळी नेणारा मुकादम कोण, चालू मोबाइल नंबर कोणता. मागं राहणाऱ्यांपैकी कोणाच्या हाती टपाल दिलेलं चालेल, त्याचं लेखी अधिकारपत्र सहीनं किंवा अंगठ्यानं. असं अधिकारपत्र दिलेल्या माणसाला रजिस्टर देता येतं आणि लेखी अर्ज केला तर टपाल दुसऱ्या पत्त्यावर वळवताही येतं. नियम पहिल्यापासून होता. तो लोकांच्या दारापर्यंत न्यायचं राहिलं होतं, आणि ते काम माझंच होतं. पहिल्या वर्षी लोकांना वाटलं मी कसलीतरी योजना आणली आहे. काहींना वाटलं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिलेल्या मुकादमानं मला पाठवलंय. यंदा बायकाच आवाज देऊन बोलवत होत्या, "आमचंबी लिवून घ्या."

आजचं रजिस्टर त्याच माणसाच्या नावाचं होतं.

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव असतं, आत काय ते मला कळत नाही आणि मी विचारतही नाही. पण नाव बघितलं आणि अंगावर काटा आला. वही उघडली. अधिकारपत्र धाकट्या भावाच्या नावावर. तो मळ्यात राहतो, वाडीपासून चार किलोमीटर, शेवटचं दीड किलोमीटर सायकल हातात धरून जावं लागतं. सप्टेंबरच्या पावसानं वाहून गेलेला ओढ्याचा रस्ता अजून तसाच आहे. पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. भाऊ तुरीत औषध फवारत होता. त्यानं हात धुतले, सही केली आणि पाकीट उघडायच्या आधी मलाच म्हणाला, "दादाला फोन लावा की, तुमच्याच समोर फोडतो."

फोन तिसऱ्यांदा लागला. मागून ट्रॅक्टरचा आणि कोणाच्या तरी ओरडण्याचा आवाज. टोळी गाडी भरत होती. भावानं पाकीट फोडून वाचून दाखवलं. पुन्हा मोजणीचीच नोटीस, या वेळी दुसऱ्या बाजूच्या बांधाची. तारीख ३ डिसेंबर. पलीकडं थोडा वेळ नुसता ट्रॅक्टरच ऐकू आला. मग तो म्हणाला, "येतो. मुकादमाला सांगून दोन दिवसांसाठी का होईना, येतो." भावाला म्हणाला, सातबारा पत्र्याच्या पेटीत आहे, पेटीची किल्ली आईजवळ. मग मला म्हणाला, "भाऊ, उद्या टोळी दुसऱ्या फडात हलायलीय. तिथं हा नंबर लागत नाही. मुकादमाचा घ्या."

त्यानं नंबर सांगितला. मी त्याच्या नावापुढं लिहून घेतला, परत वाचून दाखवला. शेवटचे दोन आकडे उलटे झाले होते, ते दुरुस्त केले.

घरी यायला सात वाजले. हिशेब सकाळी जुळवायचा आहे. वही थैलीत ठेवली.