नदीवरचा लाकूडसम्राट

आमच्या किनवट भागात लाकडाचा धंदा म्हटला की साग आला, आणि सागाबरोबर ओंडक्याची ओळख पटवणारा हातोड्याचा ठसाही आला. वडिलांच्या वखारीत उतरणाऱ्या प्रत्येक ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर तो ठसा असे आणि परवान्याशी ताडून पाहिल्याशिवाय वडील मालाला हात लावू देत नसत. त्यामुळेच फ्रेडरिक वेअरहाउझर या अमेरिकन लाकूडसम्राटाचे चरित्र अभ्यासताना त्यांच्या संपत्तीच्या आकड्यांपेक्षा त्यांच्या ओंडक्यांवरील खुणांनी मला अधिक खिळवून ठेवले.

वेअरहाउझर यांचा जन्म १८३४ मध्ये जर्मनीतला. वडील लवकर गेले, १८५२ मध्ये कुटुंब अमेरिकेस आले आणि चार वर्षांनी हा तरुण इलिनॉय राज्यातील रॉक आयलंड येथे एका लाकूड गिरणीत कामाला लागला. १८५७ च्या मंदीनंतर ती गिरणी बुडाली. १८६० मध्ये साडू फ्रेडरिक डेंकमान यांच्यासह त्यांनी ती विकत घेतली.

गिरणी मिसिसिपी नदीच्या काठी होती, गिऱ्हाईक आयोवा-इलिनॉयच्या झाडे नसलेल्या माळरानांवर घरे बांधणारे शेतकरी होते आणि पाइनचे जंगल मात्र दूर उत्तरेला विस्कॉन्सिनमध्ये होते. हिवाळ्यात तोड करायची, बर्फावरून घसरगाड्यांनी ओंडके नदीकाठी आणायचे आणि वसंतात बर्फ वितळून पाणी चढले की ते प्रवाहात सोडून द्यायचे, अशी तेथील रीत होती. एकाच नदीत अनेक मालकांचे लाखो ओंडके वाहत असल्याने प्रत्येकाच्या टोकावर हातोड्याने मालकाची खूण उमटवली जाई. विस्कॉन्सिनमधून येऊन मिसिसिपीला मिळणाऱ्या चिपेवा नदीच्या मुखाजवळ, बीफ स्लू नावाच्या फाट्यात, हे ओंडके अडवून खुणांप्रमाणे वेगळे केले जात आणि त्यांचे तराफे बांधून खाली पाठवले जात. त्या जागेच्या हक्कावरून नदीच्या वरच्या अंगाच्या गिरणीवाल्यांचे आणि वेअरहाउझर यांच्यासारख्या खालच्यांचे वैर वर्षानुवर्षे धुमसत होते.

१८८० च्या पुरात वरच्या गिरणीवाल्यांचे ओंडके थेट बीफ स्लूमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या हाती, वाहून आले. अडवणूक करून भाव पाडण्याची ही आयती संधी होती. वेअरहाउझर यांनी मात्र अदलाबदलीचा प्रस्ताव मांडला: खाली आलेले ओंडके आम्ही ठेवतो, वर अडकलेले आमचे तेवढ्याच मोलाचे ओंडके तुम्ही घ्या. पुढच्याच वर्षी दोन्ही गट एका भागीदारीत आले आणि तिची सूत्रे त्यांच्याकडे गेली. माझ्या मते त्यांच्या साम्राज्याचा खरा पाया हाच होता. कुऱ्हाडी अनेकांकडे होत्या. भांडणाऱ्या व्यापाऱ्यांना एका वहीत आणणारा माणूस एकच होता.

परंतु ते जंगल बेवारस नव्हते, हे चरित्रकथनात फार लवकर मागे पडते आणि मला ते खटकते. विस्कॉन्सिनच्या पाइनचा मोठा प्रदेश ओजिब्वे या आदिवासी लोकांकडून १८३७ च्या कराराने सरकारने घेतला होता. गोंड, कोलाम आणि आंध या आदिवासींच्या शेजारात वाढलेल्या माणसाला त्या एका ओळीमागे किती गावे आणि किती पायवाटा असतील, हे वेगळे सांगावे लागत नाही.

उत्तरेचा पाइन संपत आला तेव्हा वेअरहाउझर यांची नजर पश्चिमेकडे वळली. मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल येथे त्यांचे शेजारी होते रेल्वेसम्राट जेम्स हिल. १९०० च्या जानेवारीत हिल यांच्या प्रभावाखालील नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेकडून वॉशिंग्टन राज्यातील ९ लाख एकर जंगल एकरी ६ डॉलर दराने घेण्याचा व्यवहार ठरला. रेल्वेला ही जमीन सरकारकडून फुकट मिळालेली होती.

१९१४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कंपनीने १९४१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये पुन्हा लागवड करून तोड करण्याचे राखीव क्षेत्र जाहीर केले. विस्कॉन्सिनच्या पाइनच्या बाबतीत हा विचार फार उशिरा सुचला. तेथे उघड्या पडलेल्या जमिनीवर शेती करू पाहणाऱ्यांची कित्येक वर्षे बुडखे उपटण्यातच गेली.