स्ट्रोक्सवाल्याचा एकट्याचा अल्बम

आज ऊन असं होतं की दुपारी दुकानात गिऱ्हाईक फिरकलं नाही. मग जुलियन कॅसाब्लांकासचा 'फ्रेझेस फॉर द यंग' पूर्ण ऐकला. २००९ चा, द स्ट्रोक्स या अमेरिकन रॉक बँडच्या गायकाचा पहिला सोलो अल्बम. गाणी फक्त आठ, पण बहुतेक पाच मिनिटांच्या आसपासची. नावाची प्रेरणा थेट लेखक ऑस्कर वाइल्डकडून!

तेव्हाच्या समीक्षकांचा सूर एकूण बरा होता, पण कुरकुर ठरलेली: सिंथ (सिंथेसायझरचे इलेक्ट्रॉनिक आवाज) फार, एकेका गाण्यात सामान ठासून भरलंय. खरंय ते. 'रिव्हर ऑफ ब्रेकलाइट्स' ऐकताना सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये उभं राहिल्यासारखं वाटतं. पण मला तेच आवडलं. स्ट्रोक्सच्या २००१ च्या पहिल्या अल्बमची, 'इज धिस इट'ची काटकसर त्याने पुन्हा केली असती, तर हेच लोक 'तेच ते' म्हणाले असते ना? बँडबाहेर एकट्याने काही करणाऱ्याला दोन्हीकडून बोलणी. 'लडलो स्ट्रीट'मध्ये तर चक्क कंट्रीचा, म्हणजे अमेरिकन गावाकडच्या संगीताचा बाज, आणि तो जमलाय!

संध्याकाळी पार्क चौकात मित्राला '११थ डायमेन्शन' ऐकवलं. म्हणाला, "काय बे, हे तर लग्नाच्या वरातीत चालंल." आत्तापर्यंतचं सगळ्यात नेमकं परीक्षण. बाकीच्यांनी ऐकून सांगा, यातलं 'ग्लास' हे गाणं कुणाला आवडतं ते.