थेरपीचा तास आणि उरलेला दिवस

अपंगत्व असलेल्या मुलाला घेऊन येणारे पालक पहिल्याच भेटीत एक प्रश्न हमखास विचारतात: थेरपी आठवड्यातून किती वेळा करावी लागेल? ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे स्वतः जमावीत यासाठी उपचार करणारी, म्हणून काम करताना हा प्रश्न इतक्या वेळा कानांवर पडला आहे की आता उत्तर देण्याआधी मीच उलट विचारते की, सकाळी उठल्यापासून घराबाहेर पडेपर्यंत मुलाची कोणकोणती कामे कोण करून देते? बहुतेक घरांत सगळे आईच करते, कारण मुलाच्या गतीने काम होऊ द्यायला वेळच नसतो. याबद्दल कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु थेरपीच्या खोलीत हात वर उचलण्याचा सराव करणारे मूल घरी तोच हात सदऱ्याच्या बाहीत स्वतः घालत नसेल, तर त्या सरावाचा उपयोग नेमका कुठे व्हायचा?

ही शंका माझ्या एकटीची नाही. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम होण्याची अवस्था; तिच्यावरील निरनिराळ्या उपचारांचे पुरावे तपासणारा एक मोठा आढावा आयोना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला आणि २०२० मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. जे काम मुलाला साधायचे आहे, त्याच कामाचा, ते जिथे करायचे तिथेच आणि मुलाच्या स्वतःच्या हालचालीतून केलेला भरपूर सराव उपयोगी पडतो, असा त्याचा कल आहे. उलट दुसऱ्याने हातपाय नुसते ताणून देण्याचा फारसा फायदा दिसत नाही. दाबाखालील प्राणवायूच्या ज्या उपचारासाठी अनेक कुटुंबे पदरमोड करतात, तोही सेरेब्रल पाल्सीत निरुपयोगीच ठरलेला आहे.

खरे तर आमच्या शाखेचा जन्मच रोजच्या कामातून झाला. तिची पहिली राष्ट्रीय संघटना १९१७ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्स येथे स्थापन झाली. ज्यांच्या घरी ही बैठक भरली ते जॉर्ज बार्टन डॉक्टर नव्हते, वास्तुविशारद होते; त्यांच्या शरीराची डावी बाजू लुळी पडली होती आणि बागकाम व सुतारकाम करत त्यांनी स्वतःला सावरले होते. पुढे आम्ही हातांच्या सरावासाठी रंगीत खुंट्या आणि ठोकळे कपाटात भरून ठेवले आणि हे थोडेफार विसरलो, असे माझे मत आहे.

सदरा घालण्याचेच उदाहरण घेऊ. शरीराची एक बाजू कमकुवत किंवा ताठर असेल, तर आधी त्या बाजूचा हात बाहीत घालायचा, बाही कोपराच्या वर थेट खांद्यापर्यंत ओढून घ्यायची, मग कॉलर मानेमागून फिरवायची आणि शेवटी चांगला हात घालायचा. काढताना क्रम नेमका उलटा, म्हणजे चांगला हात आधी मोकळा करायचा. याचे कारण साधे आहे: ताठर हाताला फारसे वळता येत नाही, म्हणून कापड सर्वांत सैल असते तेव्हाच त्याची पाळी यायला हवी. बसायला टेकून बसता येईल अशी स्थिर खुर्ची हवी आणि पाय जमिनीला पूर्ण टेकलेले हवेत. तोल सांभाळण्यातच ज्याचे सगळे लक्ष जाते, त्याचे हात कामाला मोकळे राहत नाहीत. पक्षाघातातून सावरणाऱ्या प्रौढांसाठीही पद्धत हीच आहे.

शिकवताना मात्र सुरुवात शेवटून करावी. टी-शर्ट डोक्यातून आणि दोन्ही हातांतून आपण घालून द्यायचा आणि छातीपासून कमरेपर्यंत खाली ओढण्याचे काम तेवढे मुलाकडे ठेवायचे. ते जमू लागले की दुसरा हात बाहेर काढणेही त्याच्याकडे द्यायचे आणि असे एकेक पाऊल मागे सरकत जायचे. बटणांच्या बाबतीत बटण काजातून अर्धे आपण ढकलावे आणि पलीकडून ओढून घेणे मुलावर सोपवावे. या उलट्या क्रमाचा फायदा असा की प्रत्येक वेळी काम पूर्ण होते ते मुलाच्या हातून. सुरुवातीच्या अवघड पायरीवर अडून, चिडून, शेवटी आईनेच उरकून टाकण्याची वेळ येत नाही.

यातला सर्वांत कठीण भाग आपल्या तोंडाचा आहे. ‘हात वर कर, हां, अजून थोडा, शाब्बास, आता दुसरा’ अशी अखंड सूचनांची माळ सुरू असते आणि मूल पुढच्या सूचनेशिवाय हलेनासे होते. हाताने दिलेला आधार हळूहळू कमी करता येतो. बोलून दिलेला आधार काढून घेणे त्या मानाने फार जड जाते. म्हणून एकदा सांगावे आणि थांबावे. ज्या मुलांना ऐकलेले समजून घेऊन हालचाल सुरू करायला वेळ लागतो, त्यांच्यासाठी आपण धरतो त्याहून बरेच जास्त थांबावे लागते, आणि ते थांबणे मोठ्यांना अक्षरशः असह्य होते. हे सगळे सकाळच्या घाईत करायला मी सांगत नाही. कपडे घालण्यापेक्षा काढणे सोपे असते, तेव्हा संध्याकाळी कपडे बदलताना सुरुवात करावी. सकाळी खुशाल पूर्ण मदत करावी.

बोलण्याच्या बाबतीतही हाच अनुभव येतो. चित्रांचा तक्ता किंवा बोलणारे उपकरण दिले तर मूल बोलण्याचा प्रयत्नच सोडून देईल, ही भीती फार पसरलेली आहे. उपलब्ध अभ्यासांचा २००६ मधला एक आढावा मात्र सांगतो की अशा साधनांमुळे बोलणे कमी होत नाही, अनेकांचे थोडे वाढतेच. खरी अडचण वेगळीच असते: तक्ता दप्तरात राहतो आणि घरी सगळे मुलाच्या मनातले ओळखून मोकळे होतात. शिवाय अशा तक्त्यांवर मागण्याच्या वस्तूंचीच गर्दी असते. ‘नको’, ‘थांबा’, ‘दुखतंय’, ‘मला एकट्याला राहू द्या’ हे ज्या तक्त्यावर नाही, तो मोठ्यांच्या सोयीसाठी केलेला तक्ता आहे, असे मी पालकांना स्पष्ट सांगते.

रोजच्या कामांचे इतके गोडवे गाताना एक इशारा द्यायला हवा. घराचे क्लिनिक करू नये. ज्या मुलाला चित्र काढायला आवडते, त्याच्या प्रत्येक रेघेतून बोटांची पकड सुधारलीच पाहिजे असा हिशोब मांडला, की ते मूल रंगांना हात लावायचे थांबते. काही गोष्टी केवळ आनंदासाठी असतात आणि त्या तशाच राहू द्याव्यात.

प्रौढांकडे आपले सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. मूल मोठे झाले की बालविभागाची दारे बंद होतात आणि पुढे कोणाकडे जायचे हे धड कोणी सांगत नाही. गरजा मात्र संपत नाहीत. सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेकांना तरुण वयातच सांधेदुखी आणि थकवा जाणवू लागतो, काहींचे चालणे कमी होते; डाऊन सिंड्रोम (गुणसूत्रांतील जन्मजात फरक) असलेल्यांमध्ये अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा आजार तुलनेने लवकर दिसू शकतो, त्यामुळे येत असलेले काम अचानक जमेनासे झाले तर त्याला हट्ट किंवा आळस न समजता तपासणी करून घ्यावी. बौद्धिक अक्षमता असलेल्या चाळिशीच्या माणसापुढे लहान मुलांचे कोडे ठेवलेले पाहिले की मला संताप येतो. त्याला स्वतःच्या खोलीची किल्ली हवी असते, आंघोळ कधी करायची हे ठरवायचे असते, दार लावून घ्यायचे असते.

प्रौढांबरोबर काम करताना ‘सगळे स्वतः करता आले पाहिजे’ हे ध्येयसुद्धा तपासून पाहावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या आरोग्य आणि अपंगत्वाच्या वर्गीकरणात शरीराच्या क्षमतेइतकेच महत्त्व जीवनातील सहभागाला दिलेले आहे. माझ्याकडे येणाऱ्या एका तरुणाला सकाळचे सगळे स्वतः आवरता येते, पण त्यात त्याची दिवसाची निम्मी ताकद खर्ची पडते आणि कामावर पोहोचेपर्यंत तो गळून गेलेला असतो. त्याने सकाळी मदतनीस घ्यायचे ठरवले, तेव्हा घरच्यांना ती माघार वाटली. आता आमच्या सत्रांत मदतनिसाला सूचना कशा द्यायच्या याचा सराव चालतो: पलंगावरून व्हीलचेअरवर येताना कुठे धरायचे, कुठे मुळीच धरायचे नाही, ब्रेक कोणी तपासायचे आणि काही चुकते आहे असे वाटल्यास मधेच कसे थांबवायचे. नवा मदतनीस आला की या सूचना तोच देतो. घरच्यांनी त्या वेळी खोलीबाहेर राहायचे, हेही त्यानेच ठरवले आहे.