पत्र्याचे होन

शासनाने शिवजयंतीसाठी १९ फेब्रुवारी ही तारीख ठरवली, त्या सुमारास आम्ही माध्यमिकला होतो. आधीची वैशाखातली तिथी मोठ्या सुट्टीत जायची, त्यामुळे शाळेत जयंतीची फारशी गडबड नसे. आता मिरवणूक काढायचं ठरलं आणि पालकांनी लगेच भाड्याच्या पोशाखांची चौकशी सुरू केली. हस्तकलेच्या बाईंनी मोडता घातला. "अंगावर घालाल ते स्वतः केलेलं पाहिजे," एवढंच म्हणाल्या.

मग चित्रकलेच्या वर्गात पसाराच पसारा. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद पडायचं, नाहीतर जिरेटोप झुरळांनीच फस्त केले असते. मोरचूद मात्र बाई स्वतःच्या हाताने टाकायच्या, डबी कपाटात कुलपात. तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यात असते तशी कवड्यांची माळ करायची, तर कवडीला भोक पाडणं आलं. ओल्या खरबरीत दगडावर कवडीची पाठ घासत बसायचं. फुगीर भाग झिजून आरपार दिसू लागला की दोरा ओवायचा. या कामाला मुलं लवकर कंटाळली, मुली टिकल्या.

माझ्याकडे होनांची माळ होती. होन म्हणजे महाराजांचं सोन्याचं नाणं: एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पातळ पितळी पत्र्याच्या चकत्या कापून वर्तमानपत्राच्या जाड घडीवर ठेवायच्या आणि संपलेल्या रिफिलने दाबून लिहायचं. अक्षरं मागून उठवायची, म्हणजे सगळं उलटं लिहायचं. 'राजा' जमतो; 'श्री' उलटा काढून बघा! शेवटी बाईंनी युक्ती सांगितली. पातळ कागदावर सरळ लिहा, कागद पालथा घाला आणि मागून दिसतं तसं गिरवा. कडेने ठिपके दिले, दोन चकत्या पाठीला पाठ लावून चिकटवल्या, की झाला होन.

इतिहासाचे सर या कामात उशिरा आले, पण आले ते हेन्री ऑक्झिंडेनला घेऊन. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेकाला हजर असलेला हा इंग्रज वकील. सिंहासनाच्या दोन्ही अंगांना सोनेरी भाल्यांवर काय काय होतं ते त्याने लिहून ठेवलंय: उजवीकडे मोठ्या दातांची सोन्याची दोन मत्स्यमुखं, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि न्यायाची खूण म्हणून समतोल तराजू. आमच्या माशांना भोपळ्याच्या बियांचे दात लागले, शेपट्या काळ्या रंगवलेल्या काथ्याच्या झाल्या. तराजूने मात्र छळलं. एक पारडं सारखं खाली जायचं. दोन वर्गमित्र चिमटीने वाळू टाकत, काढत आणि भांडत बसले होते. मिरवणुकीत वारा सुटला की न्याय चांगलाच डोलायचा.

हल्ली तयार जिरेटोप आणि खड्यांचे दागिने सर्रास मिळतात. दिसतात झकास. पण घालणाऱ्या मुलाला होनावर काय लिहिलं होतं ते विचारा. विकत घेताना ते कुणाला ठाऊक असावं लागत नाही, करताना लागतं.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी प्रदर्शनात हस्तकलेचं टेबल मांडणार असाल तर कळवा. पत्रा आणि जुन्या रिफिली मी आणते. तराजूचं काम मात्र दुसऱ्या कुणाला तरी द्या.