भुऱ्याचं टक्कल

सुरुवात डोळ्याखाली झाली. आमच्या कुत्र्याच्या, भुऱ्याच्या, उजव्या डोळ्याच्या खाली नाण्याएवढा चट्टा पडला. केस गेलेले, कातडी राखाडी. पण तो खाजवत नव्हता, म्हणून मी मनावर घेतलं नाही. शाम्पू बदलला आणि विसरून गेले.

महिन्याभरात पुढच्या पंजांवरचे केस गेले, मग कमरेवरचे. केर काढताना सुपलीत केसांचे गोळे येऊ लागले. त्याच्या अंगाला ओल्या गोणपाटासारखा वास यायचा आणि आता मात्र तो रात्र रात्र खाजवायचा. आम्ही दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी टेबलाच्या पलीकडूनच पाहिलं, अ‍ॅलर्जी म्हणाले, एक इंजेक्शन दिलं आणि गोळ्या लिहून दिल्या. दोन दिवसांत खाज बंद! मी भेटेल त्याला त्या डॉक्टरांचं नाव सुचवत होते. त्या गोळ्या स्टिरॉइडच्या होत्या, हे मला बरंच नंतर कळलं.

तीन आठवड्यांनी चट्टे एकमेकांना जाऊन मिळाले.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी आधी वय विचारलं. मी सात वर्षं म्हटलं. "मग आधी खरवडून बघू," म्हणाल्या. आधी खोलीतला दिवा मालवून जांभळ्या उजेडाचा दिवा चट्ट्यांवर फिरवला. गजकर्णाची एक बुरशी त्यात हिरवी चमकते. काहीच चमकलं नाही. "चमकलं नाही म्हणजे बुरशी नाहीच असं नसतं," म्हणत त्यांनी चिमट्याने चार केस उपटून कल्चरला, म्हणजे त्यावर बुरशी वाढते का ते पाहायला, ठेवले. त्याचा निकाल यायला दोन-तीन आठवडे लागणार होते.

खरवडण्याचं काम मात्र पाच मिनिटांचं. कमरेवरचे केस मशिनने चौकोनी काढले. बोथट पात्यावर तेलाचा थेंब घेतला. कातडी दोन बोटांत दाबून धरली, म्हणजे केसांच्या मुळाशी दडलेलं वर येतं, आणि रक्ताचे बारीक ठिपके दिसेपर्यंत हलक्या हाताने खरवडलं. भुऱ्याने एकदा मागे वळून पाहिलं, बस. मग त्यांनी मला मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं. चिरुटासारखे लांबट, पुढच्या बाजूला आखूड आठ पाय असलेले किडे होते आणि त्यांतले काही हलत होते. अंगावर काटा आला.

हे डेमोडेक्स. जवळजवळ प्रत्येक कुत्र्याच्या केसांच्या मुळाशी हे थोडेफार असतातच. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत आईच्या अंगावरून पिल्लाकडे येतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना आवरून धरते. स्टिरॉइडने नेमकी तीच दाबली गेली होती. खाज आणि वास होता तो वरून झालेल्या जिवाणूंच्या संसर्गाचा. माझा पहिला प्रश्न अर्थातच घरातल्या मुलांबद्दल होता. "हे माणसांना होत नाही. माणसांना लागते ती दुसरी खरूज, त्यात कुत्रा खाजवून वेडा होतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग वाक्य न तोडताच पुढे, "पिल्लांना हे होतं आणि बऱ्याचदा आपोआप जातं. सातव्या वर्षी का झालं, ते शोधायला हवं."

इथे मी गप्प झाले. वर्षभरात भुऱ्याचं वजन वाढलं होतं, जिना चढायचा कंटाळा करायचा, शेपटीचे केस जाऊन ती उंदराच्या शेपटीसारखी दिसत होती. आम्ही म्हणायचो, म्हातारा झाला. सातव्या वर्षी!

त्यांना थायरॉईडचा संशय होता, पण रक्त लगेच घेतलं नाही. स्टिरॉइडमुळे आणि अंगात संसर्ग असला तरी थायरॉईडचा आकडा खोटाच कमी येऊ शकतो. गोळ्या हळूहळू बंद करून आम्ही सहा आठवडे थांबलो. तोवर किड्यांसाठी महिन्यातून एक चघळायची गोळी सुरू झाली. गोचीड-पिसवांसाठी देतात त्यातलीच, आयसोक्झाझोलीन गटातली. देण्याआधी त्यांनी भुऱ्याला कधी फिट आली होती का, हे दोनदा विचारलं. ओळखीच्या एका कुत्रेवाल्याने मला आयव्हरमेक्टिन द्या असं सांगितलं होतं. कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांत एका जनुकातल्या दोषामुळे ते औषध मेंदूपर्यंत पोहोचतं आणि जिवावर बेतू शकतं, हे ऐकल्यावर ऐकीव औषधांचा माझा उत्साह संपला.

संसर्गासाठी आठवड्यातून दोनदा क्लोरहेक्झिडीनचा शाम्पू. त्यावर लिहिलेलं असतं, दहा मिनिटं ठेवा. पूर्वी मी फेस केला की लगेच धुऊन टाकायचे. फेसाने माखलेला तीस किलोचा कुत्रा दहा मिनिटं धरून ठेवून बघा एकदा. सहाव्या मिनिटाला तो अंग झाडतो आणि भिंत, आरसा, आपण, सगळे औषधी होतो. धाकट्या मुलीने मिनिटं मोठ्याने मोजायची असं ठरवलं. ती आठ झाल्यावर मुद्दाम सावकाश मोजायची.

कल्चरमध्ये बुरशी निघाली नाही. रक्ताचा निकाल आला: थायरॉईडचं संप्रेरक कमी, त्याला चेतवणारं टीएसएच जास्त. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी गोळी, जन्मभर. नंतरच्या तपासणीसाठी रक्त गोळीनंतर चार ते सहा तासांनी घेतात, त्यामुळे दवाखान्याची वेळ आमच्या घड्याळावर ठरते. तीन आठवड्यांत तो जिना आपणहून चढला. केसांना मात्र महिने लागले.

तिसऱ्या महिन्यात अंगभर लव आली तेव्हा मला वाटलं, झालं, आता चघळायची गोळी बंद. डॉक्टरबाईंनी पुन्हा खरवडलं आणि मायक्रोस्कोप माझ्याकडे वळवला. बरेचसे मेलेले, पण दोन जिवंत. महिन्याच्या अंतराने सलग दोनदा काहीच सापडलं नाही तरच गोळी थांबवायची, असा त्यांचा हिशेब. पाचव्या आणि सहाव्या महिन्यात स्लाइड कोरी निघाली.

शेपटीचे केस सगळ्यात शेवटी आले. कमरेवर पहिल्यांदा मशिन फिरवलं होतं, तिथे केस जरा गडद उगवलेत. उन्हात बसला की तो चौकोन अजून दिसतो, आणि मुलगी तिथे बरोबर बोट ठेवते.