खाऊच्या पैशांचं कलम ११०

जर्मनीच्या दिवाणी कायद्यात मुलांच्या खाऊच्या पैशांसाठी एक स्वतंत्र कलम आहे, ११० क्रमांकाचं. बोलताना त्याला ‘टाशेनगेल्डपाराग्राफ’ म्हणतात; टाशेनगेल्ड म्हणजे खिशातले पैसे. हा कायदा १ जानेवारी १९०० रोजी लागू झाला. सव्वाशे वर्षांपूर्वी कुणाला तरी पोरांच्या चिल्लरीची दखल कायद्यात घ्यावीशी वाटली, याचं मला फार कौतुक आहे.

सात वर्षांखालच्या मुलाने केलेला व्यवहार कायद्याच्या लेखी शून्य. सात ते अठरा या वयात आईवडिलांची संमती लागते. ती आधी घेतली नसेल तर सौदा अधांतरी राहतो, आणि दुकानदाराने विचारल्यावर दोन आठवड्यांत होकार आला नाही तर नकारच धरला जातो. पण मनासारखे खर्चायला दिलेल्या पैशांतून मुलाने पूर्ण किंमत चुकती केली, तर खरेदी पक्की. यात ‘पूर्ण’ या शब्दावर सगळा भार आहे. १२० युरोंची वस्तू दरमहा १० युरोंच्या हप्त्याने घेतली, तर बारावा हप्ता फिटेपर्यंत हे कलम तिला पक्कं करत नाही. म्हणजे हाताशी असेल तेवढंच मुलाचं. उधारीचा रस्ता बंद.

आपल्याकडे १८७२ चा करार कायदा आहे आणि १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, मोहरी बीबी खटल्यात अज्ञानाचा, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेल्या मुलाचा, करार मुळातच रद्दबातल ठरवला. तरी वाण्याकडून पेन्सिल आणणाऱ्या पोराला कुणी अडवत नाही, आणि उरलेले सुटे पैसे आईच्या हातावर मोजून ठेवायची शिस्त आपल्या घरांत कायद्याशिवाय रुजली आहे. हिशेबात आपली मुलं कुठेही कमी नाहीत. मात्र काय घ्यायचं ते आपण ठरवून पाठवतो, निवड त्यांच्यावर सोडत नाही.

इथे जर्मनीत निवड मुलांवर सोडली जाते, पण पद्धतशीर. ‘डॉइचेस युगेंडइन्स्टिट्यूट’ ही संशोधन संस्था वयानुसार टाशेनगेल्डची शिफारस करते. दहा वर्षांखालच्यांना आठवड्याला, पुढे महिन्याला. ठरलेल्या दिवशी, न मागता. मार्क कमी पडले म्हणून कापायचे नाहीत, भांडी आवरली म्हणून वाढवायचे नाहीत. वह्या, बूट, शाळेतलं जेवण त्यातून नाही; तो आईवडिलांचाच खर्च. दोन युरो द्यायचे तर ५० सेंटची चार नाणी द्यावीत. एका नाण्याचे भाग पडत नाहीत, चारांतलं एक मागे ठेवता येतं.

बिघडतं ते काउंटरवर. तिथे मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर मांडलेल्या चॉकलेट-गोळ्यांना जर्मनमध्ये ‘क्वेंगेलवारे’ म्हणतात, म्हणजे भुणभुण करायला लावणारा माल. मुलाकडे २० सेंट कमी पडतात, मागे रांग लागलेली असते आणि आई ते भरते. बस, त्या आठवड्याची सगळी शिकवण वाया! २० सेंटसाठी वस्तू परत ठेवायला लागणं हाच तर त्यातला धडा. पुढच्या आठवड्याची उचल दिली तरी तेच, कारण मग दोन आठवडे वाट पाहायची सवय लागतच नाही. आणि पहिल्याच दिवशी सगळे पैसे गोळ्यांवर उडाले तर रागवायचं नाही, भरूनही द्यायचे नाहीत. आपल्याला हे फार जड जातं. पोर हिरमुसलेलं बघवत नाही, आणि यात मला आपलं काही चुकतंय असं अजूनही वाटत नाही.

सुट्टीत भारतात गेल्यावर आजी-आजोबा, मामा-मावशी हातावर नोटा ठेवतात. त्या नाकारू नयेत. तो हिशेबाचा विषयच नाही. फक्त त्या वेगळ्या डब्यात ठेवाव्यात आणि एखाद्या मोठ्या वस्तूसाठी राखाव्यात. आठवड्याच्या नाण्यांत मिसळल्या, तर परतल्यावर दोन युरोंकडे मूल ढुंकूनही पाहत नाही.